हाताच्या टप्प्यात

प्रस्तावना

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी नेहमी असते. घर बांधताना पैशाचा, श्रमाचा आणि धीराचा कस लागतो, हे तो अनुभव घेतलेल्यालाच ठाऊक. तरीही जमिनीवरचे घर निदान एका जागी स्थिर असते. परंतु ज्या घराखालची जमीनच रात्रंदिवस हलते, जे घर कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कलंडते आणि ज्याच्या भिंतीपलीकडे शेकडो मैल पाण्याशिवाय काहीही नसते, असे घर कसे बांधत असतील? लहान सागरी नौकेच्या आतील खोली, म्हणजेच केबिन, हे असेच एक घर आहे. प्रस्तुत पाठात या घराच्या बांधणीची माहिती दिली आहे, आणि त्या बांधणीवर माणसाचा जीव कसा अवलंबून असतो, हेही सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला –
• लहान नौकेची केबिन घरातील खोलीपेक्षा वेगळी का असते, हे सांगता येईल;
• केबिन बांधण्याच्या कामाचा क्रम आणि त्यामागील कारणे स्पष्ट करता येतील;
• गोव्यात बांधल्या गेलेल्या ‘म्हादेई’ व ‘थुरिया’ या नौकांविषयी माहिती देता येईल;
• पाठातील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करता येईल;
• एखाद्या कामाची कृती क्रमवार लिहिता येईल.

मूळ पाठ

१. पैलतीर दिसतो तेव्हा

म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टण किंवा तलकाड येथे कावेरीच्या काठी गेले, की पाण्यावर एक वाटोळी, टोपलीसारखी होडी दिसते. तिला तेथे ‘हरिगोल’ म्हणतात. बांबूच्या कामट्यांची वीण करून ही होडी तयार होते. पूर्वी तिला खालून कातडे मढवीत असत. पुढे त्याची जागा प्लास्टिकच्या कापडाने आणि डांबराने घेतली. या होडीला पुढचे टोक नाही की मागचे नाही. छप्पर नाही, बाक नाही, आतमध्ये काहीच नाही. तशी गरजही नाही. कारण पैलतीर समोर दिसत असतो. उतारू बसतो आणि थोड्याच वेळात उतरतो.

पैलतीर जेव्हा दिसेनासा होतो, तेव्हा मात्र सगळेच बदलते. ज्या नौकेत महिनोन्महिने राहायचे, तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची, नकाशे पाहण्याची, औषधे व अवजारे ठेवण्याची सोय लागते. आणि हे सारे मुंबईच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत मावेल, एवढ्याच जागेत बसवावे लागते. चाळीतल्या खोलीत खाटेखाली ट्रंका जातात, भिंतीवर फळी येते, दारामागे खुंट्या येतात. नौकेच्या केबिनमध्येही हेच घडते. फरक एवढाच, की चाळीतील खोली कधी आडवी होत नाही. नौकेची खोली होते.

२. दिवाडी बेटावरील नौका

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. जुन्या गोव्याहून तेथे फेरीबोटीने जातात. याच बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा फायबरग्लासच्या बोटी बांधण्याचा कारखाना आहे. भारतीय नौदलाने एका विलक्षण कामासाठी या कारखान्याची निवड केली.

भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे स्वप्न होते. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी या गावी राहत असत. २००६ साली हे काम नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी स्वेच्छेने पत्करले. तोपर्यंत कोणत्याही भारतीयाने अशी प्रदक्षिणा केली नव्हती. दोंदे काही काळ ब्रिटनमध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकले. कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे नॉक्स-जॉन्स्टन हे जगातील पहिले दर्यावर्दी होत. १४ जून १९६८ रोजी निघून ते २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडला परतले होते. विशेष म्हणजे त्यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती.

२००७ च्या अखेरीस दिवाडी बेटावर नव्या नौकेचे काम सुरू झाले. आराखडा डच नौकारचनाकारांचा होता. सीडरच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडून कवच तयार करायचे आणि त्यावर आतून-बाहेरून फायबरग्लासचे थर चढवायचे, अशी ही पद्धत होती. नौकेची लांबी ५६ फूट होती. महासागर ओलांडणारी शिडाची नौका बांधण्याचा त्या कारखान्याचा हा पहिलाच प्रसंग होता. बांधणीवर देखरेख करणारे दोंदे हेच पुढे त्या नौकेत एकटे राहणार होते. बांधणारा आणि राहणारा यांची अशी गाठ क्वचितच पडते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ही नौका नौदलात दाखल झाली. मांडवी नदीचेच दुसरे नाव तिला मिळाले – ‘म्हादेई’.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि दक्षिण आफ्रिका अशा चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) ‘म्हादेई’ ही नौका ............ येथे बांधली गेली. (मुंबई / दिवाडी / म्हैसूर)
(आ) ‘सुहेली’ ही नौका ............ लाकडाची होती. (सागाच्या / आंब्याच्या / सीडरच्या)
(इ) हरिगोलात केबिन नसते, कारण ............ (ती जड असते / प्रवास अल्प असतो / ती समुद्रात चालते).

३. जेथे भिंतीला काटकोन नाही

जगातील अनेक हौशी दर्यावर्दी नौकेचे तयार कवच घेतात आणि आतील केबिन स्वतःच्या हाताने बांधतात. खर्च वाचतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भर समुद्रात सुतार, नळकारागीर किंवा वायरमन यांना बोलावता येत नाही. कोणता स्क्रू कोठे आहे, कोणती वायर कोणत्या फळीमागून गेली आहे, हे ज्याने स्वतः बसवले त्यालाच अंधारात आठवते.

घरातील कपाट बनवणाऱ्या कसबी सुतारालाही नौकेत पहिल्या दिवशी गोंधळल्यासारखे होते. तेथे एकही भिंत सरळ नसते. कवच वर रुंद, खाली निमुळते आणि दोन्ही टोकांना वळलेले असते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी किनाऱ्यावर टेकू देऊन उभी केलेली नौका पाणपातळीच्या रेषेनुसार अचूक समतल करतात. मगच पाणसळ आणि ओळंबा यांचा उपयोग होतो. सर्व मापे नौकेच्या मध्यरेषेपासून घेतात; कवचापासून कधीही घेत नाहीत.

प्रत्येक फळी कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायवूडचा फर्मा तयार करतात. फर्मा कवचाजवळ उभा धरतात, कंपासचे एक टोक कवचावर टेकवतात आणि दुसऱ्या टोकाच्या पेन्सिलीने तेच वळण फर्म्यावर उतरवून घेतात. फर्मा कापून पाहतात, पुन्हा घासतात, पुन्हा बसवतात. तो नीट बसल्यावरच महागड्या फळीला करवत लावतात. ‘दोनदा मापा, एकदा कापा’ हा सुतारकामातील नियम नौकेत दोनदा मापूनही पुरत नाही.

कामाचा क्रमही ठरलेला असतो. सर्वांत आधी आडभिंती येतात. या भिंती केवळ आडोशासाठी नसतात. लाटांच्या माऱ्याखाली कवच चेपू नये, म्हणून त्या त्याला आतून आधार देतात. आडभिंतीची कड कवचाला थेट टेकवत नाहीत. टेकवली, तर त्या एकाच रेषेवर ताण येतो आणि कालांतराने कवचाला तडा जाण्याची भीती असते. म्हणून मध्ये फोमची बारीक पट्टी ठेवतात, कोपऱ्यात इपॉक्सीच्या लांबीचा गोलसर थर भरतात आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लासच्या पट्ट्या चिकटवतात. त्यानंतर जमिनीच्या आडव्या पट्ट्या, मग पाण्याच्या टाक्या, मग बाकांचे सांगाडे, स्वयंपाकाचा ओटा, वायरिंग आणि नळ अशी कामे होतात. शोभेचे अस्तर सर्वांत शेवटी लावतात.

उतावळा माणूस हा क्रम उलटा करतो. गुळगुळीत अस्तर आधी लावतो आणि नंतर एका वायरीसाठी सगळे उचकटून काढतो. किंवा दारे अशी अरुंद करतो, की एकदा बसवलेले इंजिन दुरुस्तीसाठी बाहेरच येत नाही.

४. शरीर हेच माप

घरातील खोली जितकी प्रशस्त तितकी चांगली, असे सर्वांना वाटते. नौकेत हा समज जिवावर बेतू शकतो. नौका कलंडली, की प्रशस्त खोलीतील माणूस एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर फेकला जातो. अरुंद खोलीत त्याचा खांदा, कंबर किंवा हात कोठे तरी टेकतो आणि तो सावरतो.

बाकाचेही तसेच. सुमारे साठ सेंटिमीटर रुंदीचा बाक किनाऱ्यावर अपुरा वाटतो; समुद्रात तोच सुखाचा ठरतो, कारण झोपलेला माणूस त्यावर लोळत नाही. बाकाच्या मोकळ्या बाजूला जाड कापडाचा आडोसा बांधतात. पाळण्यातील बाळ पडू नये म्हणून आई जी काळजी घेते, तीच येथे मोठ्या माणसासाठी घ्यावी लागते. झोपण्याचे बाक शक्यतो नौकेच्या मध्यभागी ठेवतात. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

स्वयंपाकाची शेगडी दोन खिळींवर टांगलेली असते. नौका कलंडली तरी शेगडी पाळण्याप्रमाणे झुलून सपाट राहते आणि भांडे उलटत नाही. ओट्याच्या आणि टेबलाच्या कडेला बोट-दोन बोटे उंच पट्टी असते. स्वयंपाक करणाऱ्याच्या कमरेमागे एक पट्टा बांधलेला असतो. त्यावर भार टाकला, की दोन्ही हात मोकळे राहतात. गॅसचे नळकांडे मात्र केबिनमध्ये ठेवत नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून नळकांड्यासाठी वेगळा कप्पा करतात आणि गळलेला गॅस थेट बाहेर जावा, यासाठी त्या कप्प्याच्या तळाला भोक ठेवतात.

सर्व कोपरे गोलसर घासलेले असतात. छताखाली आणि दारांजवळ हात धरायला मुठी असतात. एका मुठीवरील हात सुटण्यापूर्वी दुसरा हात पुढच्या मुठीवर पोचला पाहिजे, इतकेच अंतर त्यांच्यामध्ये असते. म्हणून अनुभवी माणसे लाकूड कापण्यापूर्वी पुठ्ठ्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी करतात. त्यात बसून पाहतात, आडवे होऊन पाहतात, डोळे मिटून हात लांब करतात. हात जेथे आपोआप पोचतो, तेथेच विजेरी, औषधे आणि दूरसंदेशाचे यंत्र ठेवण्याची जागा ठरते. नौकेत फूटपट्टीपेक्षा हाताचा टप्पा हे अधिक खरे माप आहे.

५. पाणी, वजन आणि हवा

केबिन बांधणाऱ्याला तीन गोष्टींशी सतत झुंजावे लागते. पहिली गोष्ट पाणी. साधे प्लायवूड समुद्राच्या दमट हवेत फुगते व सुटते. म्हणून भारतीय मानक ७१० नुसार तयार झालेले मरीन प्लायवूड वापरतात. त्याचे थर उकळत्या पाण्यातही सुटू नयेत, अशी त्याची कसोटी असते. तरीही फळीची कापलेली कड पाणी शोषतेच. त्यामुळे प्रत्येक कडेला इपॉक्सीचे दोन-तीन हात देतात. स्क्रूचे भोक आधी मोठे पाडून ते इपॉक्सीने भरतात आणि मग त्यात पुन्हा बारीक भोक पाडतात. लोखंडी स्क्रू गंजतो. पितळेतील जस्त खारट पाण्यात झिजून जाते आणि स्क्रू ठिसूळ होतो. म्हणून काशाचे किंवा उत्तम प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेतात.

दुसरी गोष्ट वजन. प्रत्येक अनावश्यक किलो नौकेला मंद करतो, आणि उंचावर ठेवलेले वजन तिला अधिक कलंडवते. पाण्याच्या टाक्या आणि बॅटऱ्या तळाशी, मध्याजवळ, दोन्ही बाजूंना सारख्या ठेवतात. त्या नुसत्या ठेवून चालत नाही. नौका उलटी झाली तरी जागच्या हलणार नाहीत, अशा पट्ट्यांनी बांधतात. जमिनीच्या फळ्यांनाही याच कारणासाठी कड्या असतात.

तिसरी गोष्ट हवा. बंद कप्प्यात ओल कोंडते, बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास येतो. म्हणून कप्प्यांच्या दारांना जाळी किंवा भोके ठेवतात आणि गादीखाली सलग फळीऐवजी अंतर राखून पट्ट्या ठोकतात.

या साऱ्यात एक नियम कधीही मोडत नाहीत. नौकेच्या बुडाला जेथे जेथे भोक आहे, तेथील व्हॉल्व्हपर्यंत हात पोचलाच पाहिजे. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ योग्य मापाचे लाकडी बूच दोरीने बांधून ठेवतात. व्हॉल्व्ह तुटला, तर बूच शोधायला वेळ नसतो.

काम करणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यावी लागते. फायबरग्लासची धूळ फुप्फुसात जाते. इपॉक्सीमुळे कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे, मास्क आणि खेळती हवा यांशिवाय हे काम करू नये.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नौकेतील बाक अरुंद का ठेवतात?
(आ) गॅसच्या नळकांड्याच्या कप्प्याला तळाशी भोक का असते?
(इ) केबिनमध्ये पितळी स्क्रू का वापरत नाहीत?

६. ‘थुरिया’ची केबिन

१९६८ च्या प्रवासात दक्षिण महासागरातील वादळाने नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ एका बाजूला आडवी केली. आतील सामान सर्वत्र विखुरले. केबिनचे छप्पर आपल्या जागेवरून किंचित सरकलेले त्यांना आढळले. तशीच आणखी एखादी लाट आली असती, तर छप्पर उखडण्याची भीती होती. त्यांनी हाताशी असलेल्या साहित्यानिशी ते पक्के केले. टाकीतील पिण्याचे पाणीही दूषित झाले होते. पुढे पावसाचे पाणी साठवून त्यांनी दिवस काढले.

त्या ऐतिहासिक प्रवासाला ५० वर्षे होत असताना, १ जुलै २०१८ रोजी, फ्रान्समधून ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत सुरू झाली. १९६८ साली उपलब्ध असलेल्या साधनांनीच नौका चालवावी, अशी शर्यतीची अट होती. भारताकडून कमांडर अभिलाष टॉमी उतरले. दोंदे यांच्यानंतर ‘म्हादेई’तूनच २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होते. त्यांची नवी नौका ‘थुरिया’ ही सुहेलीची प्रतिकृती होती, आणि ती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्याच कारखान्यात तयार झाली होती.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने थुरियाला गाठले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होता. लाटा १४ मीटरपर्यंत उसळत होत्या. नौका उलथली आणि तिची डोलकाठी मोडली. टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. त्यांना उभे राहता येईना. ते कसेबसे केबिनमधील बाकावर पोचले आणि तेथेच पडून राहिले.

लघुसंदेश पाठवणारे यंत्र त्यांच्या हाताशी होते. आपल्याला चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, परंतु आपण नौकेच्या आत सुरक्षित आहोत, असे त्यांनी त्यावरून कळवले. उपग्रहाद्वारे चालणारा दुसरा दूरध्वनी आपत्कालीन पिशवीत होता. तेथपर्यंत पोचणे मात्र त्यांना कठीण झाले होते. जवळ थंड चहाचे डबे होते. तेवढेच पोटात जात होते आणि तेही टिकत नव्हते. धडधाकट माणसाला दोन पावलांवर असलेली वस्तू जखमी माणसाला किती दूर असते, हे त्या तीन दिवसांत स्पष्ट झाले. बाहेर डोलकाठीचा सांगाडा लोंबत होता. आत मात्र केबिन शाबूत होती आणि कवच फुटले नव्हते. दिवाडीच्या कारागिरांनी जोडलेले सांधे त्या वादळात टिकले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या फ्रेंच गस्ती जहाजावरील पथकाने नौकेवर येऊन टॉमी यांना बाहेर काढले. पुढे भारतीय नौदलाची ‘सातपुडा’ ही युद्धनौका त्यांना मायदेशी घेऊन आली.

मणक्यांवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर चार वर्षांनी टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. ‘बयानात’ या नौकेतून जगप्रदक्षिणा पूर्ण करून २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने परतले. या प्रवासात वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्राचे भाग वारंवार मोडले. तेव्हा शौचकक्षाच्या दाराचे लाकूड कापून त्यांनी नवे भाग तयार केले. केबिन हे निवाऱ्याचे स्थान तर असतेच. प्रसंगी ती सुट्या भागांचे कोठारही होते. अर्थात, ज्याला आपल्या केबिनमधील प्रत्येक फळी ठाऊक असते, त्यालाच कोणती फळी काढून चालेल हे कळते.

७. हात फिरलेले घर

दिवाडीच्या त्या कारखान्यातूनच पुढे ‘तारिणी’ ही नौका बाहेर पडली. २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघालेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी अधिकारी मे २०२५ मध्ये याच तारिणीतून प्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या.

अशा प्रवासांत नाव दर्यावर्दींचे होते, आणि ते योग्यच आहे. परंतु वादळी रात्री कलंडलेल्या केबिनमध्ये माणूस ज्या मुठीला धरून उभा राहतो, ती मूठ कोणीतरी किनाऱ्यावर, उन्हात, घाम पुसत घट्ट बसवलेली असते. कापलेल्या कडेला इपॉक्सीचा तिसरा हात द्यायचा की दोनवरच थांबायचे, हे त्या वेळी कोणी पाहत नसते. त्याचा हिशेब हजारो मैल दूर, कोणी मदतीला येऊ शकत नाही अशा ठिकाणी होतो. स्वतःची केबिन स्वतः बांधणारा माणूस हा हिशेब कधी विसरत नाही. दुसऱ्यासाठी बांधतानाही जो तो विसरत नाही, तो खरा कारागीर.

शब्दार्थ

कस लागणे – परीक्षा होणे
पैलतीर – पलीकडचा काठ
कामटी – बांबूची चिरलेली पातळ पट्टी
दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारा
पाणसळ – सपाटी तपासण्याचे साधन
ओळंबा – उभी रेषा तपासण्याची वजन बांधलेली दोरी
फर्मा – माप उतरवून घेण्यासाठी केलेला नमुना
लांबी – भेगा किंवा कोपरे भरण्याचा लगदा
जिवावर बेतणे – प्राणावर संकट येणे
डोलकाठी – शिडे ज्यावर चढवतात तो उंच खांब
शाबूत – न मोडलेले, सुस्थितीत असलेले

तुम्ही काय शिकलात?

• अल्प प्रवासाच्या होडीला आतील सोय लागत नाही. दीर्घ प्रवासाच्या नौकेत केबिन हेच घर असते.
• केबिनच्या आडभिंती नौकेच्या कवचाला आधार देतात.
• नौकेत प्रशस्तपणापेक्षा आधार, आणि शोभेपेक्षा हात पोचणे महत्त्वाचे असते.
• पाणी, वजन आणि हवा यांचा विचार करून साहित्य निवडावे लागते.
• जो स्वतः बांधतो त्याला दुरुस्ती साधते; कारागिराच्या सचोटीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो.

भाषा-अभ्यास

पाठात ‘हात’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी आला आहे. पुढील प्रयोग पाहा.
(१) प्रत्येक कडेला इपॉक्सीचे दोन-तीन हात देतात. (हात = थर)
(२) लघुसंदेश पाठवणारे यंत्र त्यांच्या हाताशी होते. (हाताशी = जवळ)
(३) दोन्ही हात मोकळे राहतात. (हात = अवयव)
‘हात’ या शब्दावरून तयार झालेले आणखी चार वाक्प्रचार शोधा, त्यांचे अर्थ लिहा आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

स्वाध्याय

१. ‘नौकेत फूटपट्टीपेक्षा हाताचा टप्पा हे अधिक खरे माप आहे’ हे विधान पाठातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. केबिन बांधण्याच्या कामाचा क्रम आठ-दहा वाक्यांत लिहा. क्रम बदलल्यास कोणती अडचण येते, तेही सांगा.
३. ‘सुहेली’ आणि ‘थुरिया’ या दोन नौकांवर आलेल्या संकटांची तुलना करा.
४. ‘जो तो विसरत नाही, तो खरा कारागीर’ या विधानातील विचार तुम्हाला पटतो का? तुमच्या परिसरातील एखाद्या सुताराचे, गवंड्याचे, शिंप्याचे किंवा वायरमनचे उदाहरण देऊन उत्तर लिहा.
५. उपक्रम : तुमच्या घरातील एका लहान खोलीचा आराखडा काढा. अंधारात, आजारपणात किंवा आग लागल्यास कोणत्या वस्तू हाताच्या टप्प्यात हव्यात, याची यादी करा. त्या वस्तू आज कोठे आहेत, हेही नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) दिवाडी (आ) सागाच्या (इ) प्रवास अल्प असतो
प्रश्न २ : (अ) नौका कलंडल्यावर झोपलेला माणूस लोळू नये, म्हणून बाक अरुंद ठेवतात. (आ) हवेपेक्षा जड असलेला गळका गॅस तळाशी न साचता थेट बाहेर जावा, म्हणून भोक असते. (इ) खारट पाण्यात पितळेतील जस्त झिजून स्क्रू ठिसूळ होतो, म्हणून तो वापरत नाहीत.